एकीकडे पूर, एकीकडे दुष्काळ : ऑस्ट्रेलियातील ऊस उत्पादकांचा अनुभव



गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका गावी गटसभा झाली. ऊस नोंदीचे काम आटोपल्यावर एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "साहेब, एकोणीसला पुरात ऊस गेला, एकवीसला पुन्हा गेला, आणि तेवीसला पावसानं पाठ फिरवली म्हणून वाळला. असा पाऊस जगात दुसरीकडं कुठं पडतो का?" सभेत थोडा हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या वेळी आम्ही "ऑस्ट्रेलियात पडतो" एवढेच म्हणालो. चहा आला आणि विषय तिथेच राहिला. ते उत्तर पुरे करण्यासाठी हा लेख.

आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलेलो नाही. पण तिकडच्या उसावरचे वाचन शेतकी खात्यात वीस वर्षे चालू आहे, कारण तो देशही आपल्यासारखाच उसावर जगणाऱ्या खोऱ्यांचा आहे. म्हणजे सगळा देश नव्हे. सगळा देश पाहिला तर बहुतेक माळरान आणि वाळवंटच. ऊस पिकतो तो पूर्व किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, उत्तरेला मॉसमनपासून दक्षिणेला ग्राफ्टनपर्यंत, सुमारे २१०० किलोमीटर. त्यातला पंचाण्णव टक्के क्वीन्सलंड राज्यात आणि थोडासा न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला. त्यांचे ऋतू आपल्या उलटे. पावसाळा डिसेंबर ते मार्च आणि गाळप जून ते नोव्हेंबर-डिसेंबर.

आता या पट्टीतला पाऊस बघा. टली नावाचे एक कारखान्याचे गाव आहे. तेथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १९५० साली तेथे ७८९८ मिलिमीटर पडला. जुन्या हिशेबाने ३११ इंच. गावकऱ्यांनी त्याची आठवण म्हणून ७.९ मीटर उंचीचा सोनेरी रंगाचा एक गमबूट गावात उभा केला आहे. त्या वर्षी जेवढे पाणी पडले तेवढीच त्या बुटाची उंची. आपण पुराची खूण देवळाच्या भिंतीवर करतो, त्यांनी बूट उभारला.

टलीहून दक्षिणेला तीनशे किलोमीटरच्या आत एअर हे गाव लागते. ते बर्डेकिन नदीच्या मुखाशी आहे. तेथे वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरही भरत नाही, आणि तोही बहुतेक तीन महिन्यांत पडून जातो. तेथला ऊस संपूर्ण पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. गंमत अशी की देशात सर्वांत जास्त उतारा देणारा ऊस याच कोरड्या भागात होतो, टलीला नव्हे. ऊन भरपूर आणि पाणी आपल्या हातात, हे त्याचे कारण. गगनबावडा आणि जत एकाच जिल्हाभर अंतरात पाहणाऱ्या आपल्या माणसाला यात फार नवल वाटू नये.

पण नवल वेगळ्याच गोष्टीचे आहे. एकाच ठिकाणी एका वर्षी पूर आणि दुसऱ्या वर्षी दुष्काळ, हे तिथे का होते? याचे उत्तर समुद्रात आहे, आणि त्या उत्तराचा अर्धा भाग आपल्या देशात सापडला. १८८८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील सरकारी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स टॉड यांनी नोंदविले की हिंदुस्थानात दुष्काळ पडतो त्याच सुमारास पुष्कळदा ऑस्ट्रेलियातही पडतो. पुढे १९०४ ते १९२४ या काळात सर गिल्बर्ट वॉकर हे आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा या खटपटीत त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळविले. पॅसिफिक महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तराजूच्या पारड्यांसारखा, हे त्यांच्या ध्यानात आले. आज आपण एल निनो आणि ला निना म्हणतो ते याच तराजूचे समुद्राकडचे रूप. एल निनोच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे पाऊस रुसतो, ला निनाच्या वर्षी धो धो पडतो. २००२ साली एल निनो होता. आपला जुलै कोरडा गेला आणि तिकडेही त्या वर्षी भयंकर दुष्काळ पडला.

मात्र दर वेळी दोघांचे नशीब एकच असते असे समजू नये. हिंदी महासागराचाही एक तराजू आहे. आफ्रिकेकडचे पाणी तापले आणि सुमात्रा-ऑस्ट्रेलियाकडचे गार पडले, की आपल्याकडे पावसाला जोर चढतो आणि त्यांच्याकडचा पाऊस हटतो. २०१९ साली हे फार तीव्रपणे घडले. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला, आणि आपल्या नदीकाठच्या सभासदांना त्या ऑगस्टची आठवण करून द्यायची गरज नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा देशभरचा सरासरी पाऊस २७७ मिलिमीटर भरला. नोंदी ठेवू लागल्यापासून एवढे कोरडे वर्ष तिकडे झाले नव्हते. वर्षअखेरीस त्यांची जंगले पेटली.

त्याच २०१९ च्या सुरुवातीची एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही उसाची नाही, गुरांची आहे. क्वीन्सलंडच्या वायव्य भागात जनावरे पाळणारे मोठे मळे आहेत. तेथे सहा-सात वर्षे दुष्काळ चालला होता. चारा विकत आणून, कर्ज काढून लोकांनी कळप जगविले होते. जानेवारीच्या अखेरीस पाऊस सुरू झाला तेव्हा माणसे अंगणात येऊन भिजली. पण तो थांबेचना. आठवडाभर पाऊस, वर थंड वारा, आणि सपाट रानावर समुद्रासारखे पाणी. दुष्काळाने हाडे निघालेली जनावरे चिखलात रुतली आणि गारठून मेली. अंदाजे पाच लाख गुरे गेली असे म्हणतात. ज्याची सहा वर्षे वाट पाहिली त्यानेच नेले. मायणी-आटपाडीकडे छावणीत जनावरे सांभाळलेल्या माणसाला हे वाचून गलबलून येईल.

आता मुद्द्याचे. या लोकांनी पुढे केले काय?

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या पट्ट्याला एकच नियम त्यांनी लावला नाही. आपण पाचटाचे उदाहरण घेऊ, कारण तो आमचा रोजचा भांडणाचा विषय आहे. पूर्वी तिकडेही ऊस पेटवून मग तोडत. टली, इनिसफेल, इंगहॅम या ओल्या भागात ही पद्धत पावसाने हैराण करी. फड पेटविला आणि पाऊस आला की यंत्र रानात जाईना, जळका ऊस उभ्या उभ्या खराब होई. म्हणून १९८० च्या दशकापासून ते हिरवा ऊस तोडू लागले आणि पाला जागेवरच पसरू लागले. हेक्टरी दहा टनांच्या आसपास वाळलेला पाला रानात राहतो. इनिसफेलच्या बाजूला उतारावरच्या उसात वाहून जाणारी माती मोजली, तेव्हा पाला जाळून मशागत केलेल्या रानातून वर्षाला हेक्टरी सरासरी दीडशे टनांच्या घरात माती गेलेली आढळली. पाला ठेवून, नांगर न घालता घेतलेल्या खोडव्यात ती पंधरा टनांच्या आत आली. हेक्टरी दीडशे टन म्हणजे एकरी साठ टन. आपल्याकडे एकरी साठ टन ऊस आला तर माणूस पेढे वाटतो. तिकडे तेवढी माती दर वर्षी समुद्रात जात होती.

"मग सगळ्यांनीच पाचट ठेवावं!" असे कोणी म्हणेल. पण कोरड्या बर्डेकिनमध्ये बहुतेक शेतकरी अजून पेटवूनच तोडतात. तेथे सरीने पाणी देतात, ऊस दाट आणि लोळलेला असतो, आणि पाल्यातून पाणी सरीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही अशी त्यांची तक्रार आहे. दक्षिणेकडच्या थंड, निचरा नसलेल्या रानात पाल्याखाली जमीन गार राहते आणि खोडवा उशिरा फुटतो. म्हणजे एकाच देशात, एकाच पिकात, एकच गोष्ट एका खोऱ्यात वरदान आणि दुसऱ्यात अडचण. आम्ही मात्र पाचट कुजविण्याच्याच बाजूचे आहोत, एक आड एक सरीत ठेवले तर पाणी अडत नाही हे आपल्याच सभासदांनी करून दाखविले आहे. पण चोपण, पाणी साचणाऱ्या रानाच्या मालकाने तक्रार केली तर ती ऐकून घेतली पाहिजे, एवढे बर्डेकिनने आम्हाला शिकविले.

दुसरी गोष्ट निचऱ्याची. ओल्या खोऱ्यांत शेत लेझरच्या यंत्राने एका उताराला आणतात, उंच वरंब्यावर लागण करतात, आणि शेताच्या कडेने रुंद, उथळ, गवत राखलेले चर ठेवतात. चर खोल का नाही? उथळ चरातून ट्रॅक्टर जातो, कडा ढासळत नाहीत आणि गवत माती धरते. खोल चराचा आणखी एक धोका त्यांना फार महागात पडून कळला. समुद्राकाठच्या सखल जमिनीत खाली गंधकयुक्त मातीचा थर असतो. तो पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी, चर खणून उघडा पडला की हवेने त्याचे आम्ल होते. १९८७ साली न्यू साउथ वेल्समधील ट्वीड नदीत असे आम्ल उतरले आणि नदीच्या लांबच लांब पट्ट्यातले मासे मेले. कोळी आणि ऊसकरी समोरासमोर आले. पुढे ऊसकऱ्यांनीच चरांचे नकाशे करून, जमीन तपासून खोलीवर बंधने घालून घेतली.

पूर ओसरल्यावर काय करावे याबद्दल त्यांचा सल्ला वाचला तेव्हा आम्हाला आमची चूक दिसली, ती इथे कबूल केलेली बरी. २०१९ च्या पुरानंतर आम्ही गावोगाव फिरून सरसकट सांगितले होते की बुडालेला ऊस काढून टाका. तिकडचा माणूस आधी थांबतो. शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडाला तरी पाणी गार व वाहते असेल आणि आभाळ झाकलेले असेल तर काही दिवस निभावते. साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात लवकर मरतो. पाणी उतरल्यावर रानाच्या निरनिराळ्या भागांतले दहा-वीस ऊस तोडून शेंड्याकडून उभे चिरायचे. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, मऊ, वास येणारा असेल तर मेला. मेलेल्या उसालाही डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि लांबून रान हिरवे दिसते, त्यावर जाऊ नये; त्यातली साखर उतरत जाते. असा ऊस आधी तोडायचा. चिरून बघायला एक कोयता आणि अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्ही त्या वर्षी दिला नाही, आणि काही सभासदांचा जगला असता असा ऊस आमच्या शब्दावर गेला.

तोडीच्या पाळीपत्रकाबद्दलही सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे पाळीवरून होणाऱ्या कुरबुरी आम्ही रोज ऐकतो. त्यांच्याकडे प्रत्येकाच्या उसातील साखर तपासून भाव ठरतो. साहजिकच हंगामाच्या मध्यावर, साखर भरलेली असताना आपला ऊस जावा असे प्रत्येकाला वाटणार, आणि शेवटी पावसात कोणालाच सापडायचे नसणार. म्हणून तोडणीचे गट फेऱ्यांनी फिरतात. एकाच शेतकऱ्याचा सगळा ऊस एकदम नेत नाहीत. प्रत्येकाचा थोडा सुरुवातीला, थोडा मध्यावर, थोडा शेवटी. चांगल्या उताऱ्याचा लाभ आणि पावसाचा फटका दोन्ही वाटून जातात. २०१० साली ला निनाचा पाऊस सप्टेंबरपासूनच कोसळू लागला. यंत्रे रुतली, रुळांवरच्या उसाच्या गाड्या थांबल्या, आणि क्वीन्सलंडमध्ये लाखो टन ऊस न तोडता पुढच्या वर्षाला राहिला. फेऱ्या नसत्या तर त्यात काही घरे पुरती बुडाली असती. यंत्रतोड आणि शंभर हेक्टरांच्या आसपासची शेती असल्याने त्यांना हे जमते. आपल्या वीस गुंठ्यांच्या फडाला तीन वेळा टोळी नेणे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण गटाच्या पातळीवर असे काही करता येईल का, यावर सभासदांनी विचार कळवावेत.

कोरड्या खोऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. बर्डेकिनचा ऊस सुरुवातीपासून विहिरींवर होता. १९६० च्या दशकात उपसा इतका वाढला की भूजल खाली गेले आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींकडे सरकू लागले. तेव्हा १९६५-६६ साली नदीच्या उत्तर आणि दक्षिण काठांना दोन पाणी मंडळे स्थापन झाली. ऊसकरी आणि कारखाने त्यांना पट्टी भरू लागले. नदीला पाणी असेल तेव्हा ते पंपांनी उचलून जुन्या ओढ्यांत, तळ्यांत आणि मुद्दाम खणलेल्या वाळूच्या खड्ड्यांत सोडायचे आणि जमिनीत मुरवायचे. म्हणजे विहिरीतून काढायचे आणि वर्गणी काढून पुन्हा भरायचे. पाझर तलाव आपणही केले, पण गाळ काढायला वर्गणी मागितली की लोक सरकारकडे बोट दाखवितात.

१९८७ साली बर्डेकिन नदीवर मोठे धरण झाले. साठा सुमारे ६६ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून बराच अधिक. नव्या जमिनी भिजल्या, ऊस वाढला. पण धरणाच्या कालव्याखालच्या काही भागात थोड्याच वर्षांत उलटे दुखणे सुरू झाले. भूजल वर चढू लागले आणि जमिनी खारवटण्याची भीती उभी राहिली. जुन्या भागात पाणी मुरवायचे पैसे, नव्या भागात मुरलेले पाणी काढायचे पैसे. शिरोळ तालुक्यातील पांढऱ्या पडलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यापुढे सांगायला नको.

धरणाने पूर अडतो का, हा प्रश्न आपल्याकडे दर पावसाळ्यात तापतो. त्यांच्याकडेही तापलेला आहे. १९७४ च्या महापुरानंतर ब्रिस्बेन शहराच्या वर विव्हनहो धरण १९८० च्या दशकात पुरे झाले. त्यात शहराला पाणी पुरविण्याचा साठा वेगळा, आणि त्याच्यावर पूर धरून ठेवण्यासाठी मोठी जागा रिकामी, अशी रचना आहे. मग लांबलेला दुष्काळ आला. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्या भागातील मोठ्या धरणांचा एकूण साठा १७ टक्क्यांच्याही खाली गेला आणि माणशी दिवसाला १४० लिटरवर भागवा असे शहराला सांगावे लागले. अशी टंचाई सोसल्यावर पुढे पाणी सोडून द्यायला कोणाचा हात धजावेल? जानेवारी २०११ मध्ये पाऊस झाला तेव्हा धरण काठोकाठ, आणि ब्रिस्बेनमध्ये नदी ४.४६ मीटरवर चढून हजारो घरांत पाणी शिरले. आधी का सोडले नाही म्हणून लोक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला, आणि २०२१ मध्ये धरण चालविणाऱ्या संस्थेपुरता तो अपिलात फिरला. दुष्काळात जपून ठेव म्हणणारा आणि पुरात आधी का नाही सोडलेस विचारणारा माणूस तोच असतो. आमचाही आवाज दोन्ही वेळा त्यात होता.

सरकारी धोरणाबद्दल थोडक्यात. १९८९ साली तेथील केंद्र सरकारने नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या यादीतून दुष्काळ काढून टाकला, आणि १९९२ च्या राष्ट्रीय दुष्काळ धोरणात सांगितले की दुष्काळ ही अकस्मात आपत्ती नसून त्या देशातल्या शेतीचा नेहमीचा भाग आहे, तेव्हा शेतकऱ्याने त्याची तयारी ठेवूनच शेती करावी. त्यासाठी चांगल्या वर्षीचे उत्पन्न कर न भरता ठेवीत ठेवायचे आणि वाईट वर्षी काढायचे, अशी सोय केली. विचार पटण्यासारखा आहे. पण ठेव ठेवायला आधी शिल्लक पडावी लागते, हे दोन एकरवाल्याला कोण सांगणार? आणि तिकडेही मोठ्या दुष्काळात सरकारला हात ढिला करावाच लागला.

शिल्लक असूनही पीकच नसेल तर काय होते, ते भातवाल्यांनी पाहिले. मरे नदीच्या खोऱ्यात डेनिलिक्विन येथे भात उत्पादकांच्याच मालकीची, दक्षिण गोलार्धात सर्वांत मोठी म्हटली जाणारी गिरणी होती. नेहमी दहा लाख टनांच्या वर पिकणारे भात २००७-०८ साली वीस हजार टनांच्याही खाली आले. पाटाला पाणीच सुटले नव्हते. गिरणी बंद झाली, कामगार दुसरीकडे गेले. २०११ साली पाऊस परतल्यावर ती पुन्हा सुरू झाली. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत ऊस कमी पडलेला आपण पाहिला आहे, त्याच्या सभासदाने ही चार वर्षे डोळ्यांपुढे आणून बघावीत.

सहकाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. न्यू साउथ वेल्समधील काँडाँग, ब्रॉडवॉटर आणि हारवुड हे तीन कारखाने पूर्वी एका मोठ्या कंपनीचे होते. १९७८ साली ऊसकऱ्यांनी सहकारी संस्थेमार्फत ते विकत घेतले. तिन्ही कारखाने नदीकाठी. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस लिस्मोर शहरात नदी १४.४ मीटरवर गेली, आधीच्या कोणत्याही नोंदीपेक्षा दोन मीटरहून अधिक. खालच्या अंगाचा ब्रॉडवॉटर कारखाना पाण्यात गेला, यंत्रे, मोटारी, विजेचे सामान सगळे. तीनच वर्षांपूर्वी याच भागात पाण्यावाचून रान करपत होते.

त्या गटसभेत दुसराही एक प्रश्न आला होता, आणि तो एका तरुण सभासदाच्या आईने विचारला होता : "एवढं पाणी येतं तर ती माणसं गाव सोडून जात का नाहीत?" क्वीन्सलंडमध्ये लॉकियर खोऱ्यात ग्रँथम नावाचे भाजीपाला पिकविणारे छोटे गाव आहे. जानेवारी २०११ मध्ये ओढ्याचे पाणी अचानक चढून तेथे बारा माणसे गेली. तेथील स्थानिक परिषदेने जवळच्या टेकाडावर जमीन घेतली आणि खालच्या घराच्या जागेच्या बदल्यात वर प्लॉट असा व्यवहार लोकांपुढे ठेवला. कोणाला कुठला प्लॉट ते चिठ्ठ्या टाकून ठरविले. वर्ष संपायच्या आत पहिली कुटुंबे वर राहायला गेली. सगळी गेली नाहीत. काही खालीच राहिली. २०१३ साली पुन्हा पूर आला तेव्हा टेकाडावरच्या घरांना पाणी लागले नाही. शेते मात्र खाली ओढ्याकाठीच आहेत. माणसे सकाळी उतरून रानात जातात आणि संध्याकाळी वर येतात.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग